फॅशन बायर व्हायचं तर: पहिल्या नोकरीआधीची तयारी आणि पहिलं वर्ष

पुढच्या हंगामात दुकानात कोणते कपडे यावेत, किती नग यावेत, कोणत्या मापांत, काय भावाने आणि कोणत्या आठवड्यात, हे फॅशन बायर ठरवतो. यातलं ‘कोणते कपडे’ एवढंच बाहेरून दिसतं आणि त्यावर भाळूनच बहुतेक जण या वाटेला लागतात. पगार मात्र उरलेल्या चार प्रश्नांसाठी मिळतो. निवड चुकली तर एखादं डिझाइन पडून राहतं. नग चुकले तर अख्ख्या विभागाचा पैसा रॅकवर अडकतो.

‘मला कपड्यांची आवड आहे’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे त्याला काही किंमत उरलेली नाही. माल दुकानात लागण्याआधी जो आकडा सांगतो आणि आकडा चुकल्यावर तो का चुकला हेही सांगू शकतो, तो उमेदवार लक्षात राहतो. ही सवय नोकरी मिळण्याची वाट न पाहता लावून घेता येते. एक वही किंवा शीट उघडा आणि आपले अंदाज तारीख घालून लिहायला लागा. पुढे ही वही वारंवार लागणार आहे.

आधी नावांचा घोळ सोडवा

नोकरीच्या जाहिरातींत ‘बायर’, ‘मर्चंडायझर’ आणि ‘प्लॅनर’ ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी येतात. ब्रिटिश पद्धतीच्या किरकोळ विक्री कंपन्यांत बायर माल आणि पुरवठादार निवडतो, भाव ठरवतो. बजेट, नगांची संख्या आणि दुकानवार वाटप मर्चंडायझरकडे असतं. अमेरिकी पद्धतीत नफ्या-तोट्याची जबाबदारी बऱ्याचदा बायरच्याच अंगावर असते आणि आकडेमोडीला प्लॅनर सोबत असतो. कपडे निर्यात करणाऱ्या कारखान्यातला मर्चंडायझर तर टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो: बायरची ऑर्डर घेणं, कापड मागवणं, सॅम्पल मंजूर करून घेणं, उत्पादनाचा पाठपुरावा करणं हे त्याचं काम. व्हिज्युअल मर्चंडायझर दुकानाची मांडणी बघतो, त्याचा खरेदीशी थेट संबंध नाही. तेव्हा पदाच्या नावावर न जाता खाली लिहिलेली कामं वाचा. ‘ओपन-टू-बाय’ (अजून किती खरेदीची मोकळीक आहे तो हिशेब), ‘रेंज प्लॅन’ (हंगामात कोणत्या स्टाइल किती नगांत घ्यायच्या त्याचा आराखडा), ‘पुरवठादारांशी वाटाघाटी’ असे शब्द असतील तर ती खरेदीची नोकरी आहे.

खरेदीतही दोन जाती आहेत. एकात ब्रँडचा तयार माल शोरूममध्ये पाहून निवडायचा असतो. दुसऱ्यात दुकानाच्या स्वतःच्या लेबलसाठी माल बनवून घ्यायचा असतो, म्हणजे प्रायव्हेट लेबल. पहिल्यात निवड आणि नगसंख्या ही दोनच मोठी हत्यारं. दुसऱ्यात कापड, बेतणी, शिलाई, जहाज, कस्टम्स सगळंच डोक्याशी येतं. नवख्याने शक्य असेल तर प्रायव्हेट लेबलमध्ये सुरुवात करावी. काम रटाळ आणि चुका महाग, पण कपड्याची किंमत कुठून येते हे तिथे दोन वर्षांत कळतं. शोरूममध्ये ते वर्षानुवर्षं कळत नाही.

शिडी साधारण अशी असते: बाइंग ॲडमिन असिस्टंट, मग असिस्टंट बायर, ज्युनिअर बायर, बायर, सीनिअर बायर आणि वर हेड ऑफ बाइंग. पहिल्या पायरीपासून बायरपर्यंत पोचायला बहुतेकांना पाच ते सात वर्षं लागतात. आत शिरायची दारं मात्र अनेक आहेत. दुकानात विक्री करणं हे त्यातलं सर्वांत कमी लेखलं जाणारं दार. ट्रायल रूममधून परत आलेला कपडा गिऱ्हाइकाने का नाकारला, हे विक्रेत्याला कानांनी ऐकायला मिळतं. बायरला त्याचा फक्त आकडा दिसतो. कारखान्यातला मर्चंडायझर आणि दुकानवार माल वाटणारा ॲलोकेटर या दोघांनाही पुढे खरेदीत येता येतं. फॅशन मर्चंडायझिंगची पदवी असेल तर मुलाखतीपर्यंत लवकर पोचाल. वाणिज्य, संख्याशास्त्र किंवा वस्त्रतंत्र शिकलेलेही या कामात असतात.

कापड हाताने ओळखता आलं पाहिजे

याला कोर्सच लागतो असं नाही. आपल्याच कपाटातले वीस कपडे काढा, प्रत्येकाचं लेबल झाका, हात लावून धाग्याचा अंदाज लिहा आणि मग लेबल उघडा. सुती आणि व्हिस्कोस, पॉलिस्टर आणि नायलॉन यांत पहिल्या दिवशी गल्लत होणारच. महिनाभरात ती बरीच कमी होते.

विणलेलं आणि निटिंगचं कापड यांतला फरक पक्का करा. उभे-आडवे धागे एकमेकांत गुंफले की शर्टाचं, डेनिमचं कापड होतं. धाग्याचे फास एकमेकांत अडकवले की टी-शर्टचं. पहिलं ताणत नाही, त्यामुळे मापातली चूक खपवून घेत नाही. दुसरं ताणतं, पण धुतल्यावर जास्त आटतं आणि तिरकं फिरतं. टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर येते ती यामुळे. आटण्याची सर्वसाधारण मर्यादा विणलेल्या कापडाला ३ टक्के आणि निटला ५ टक्के धरतात.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन. १४० जीएसएमचा टी-शर्ट अंगातून दिसतो, १८० चा रोजच्या वापराला योग्य, २४० चा जाड आणि भारदस्त. पुरवठादार भाव कमी करून देतो तेव्हा सर्वांत आधी जीएसएम पुन्हा मोजा, कारण कपड्याच्या खर्चात कापडाचा वाटा सर्वांत मोठा असतो आणि तिथलाच काटा सर्वांत गुपचूप सरकवता येतो. रंगाचा पक्केपणा ग्रे स्केलवर १ ते ५ असा मोजतात, ५ सर्वोत्तम. धुण्यासाठी बहुतेक कंपन्या ४ मागतात. गडद रंगांना आणि इंडिगोला ओल्या घासणीत तेवढा मिळत नाही, म्हणून तिथे कमी आकडा स्वीकारावा लागतो. हे माहीत नसलेला नवा असिस्टंट गडद निळ्या जीन्सची लॅब रिपोर्ट पाहून ऑर्डरच थांबवून बसतो.

प्रमाणपत्रांबाबतही एक गोंधळ नेहमीचा. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे कापडात घातक रसायनं नाहीत याची चाचणी करतं. कापूस सेंद्रिय आहे असं ते म्हणत नाही. सेंद्रियतेसाठी गॉट्स (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) आहे आणि त्यात किमान ७० टक्के धागा प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो.

आकडेमोड: इथेच गाळणी लागते

खालची गणितं कागदावर, कॅल्क्युलेटरशिवाय जमली पाहिजेत. चलन कोणतंही घ्या.

मार्जिन आणि मार्कअप यांत घोळ करणारा उमेदवार मुलाखतीतच संपतो. कपडा ४० ला घेतला, १०० ला विकला. नफा ६०. विक्रीच्या किंमतीवर काढलेलं मार्जिन ६० टक्के, खरेदीच्या किंमतीवर काढलेला मार्कअप १५० टक्के. आता त्याच कपड्यावर ३० टक्के सूट द्या. तो ७० ला गेला, नफा ३० राहिला, मार्जिन साधारण ४३ टक्क्यांवर आलं. सूट ३० टक्क्यांची, पण नगामागचा नफा निम्मा झाला. ‘थोडी सूट देऊ, माल उठेल’ असं म्हणायच्या आधी हे गणित मांडा: तेवढाच नफा हवा असेल तर दुप्पट नग खपले पाहिजेत. (करांचा हिशेब इथे धरलेला नाही. विक्रीच्या किंमतीत कर असेल तर तो आधी वजा करायचा.)

सेल-थ्रू म्हणजे आलेल्या मालापैकी किती टक्के विकला. ५०० नग आले, आठ आठवड्यांत ३२५ गेले, तर ६५ टक्के. उरले १७५, आठवड्याला २५ जात असतील तर हा सात आठवड्यांचा साठा आहे. हंगाम संपायला चारच आठवडे उरले असतील तर आजच्या वेगाने ७५ नग अंगावर पडणार. आता सूट द्यायची की चांगल्या खपाच्या दुकानांत माल हलवायचा, एवढाच निर्णय राहतो, आणि तो चौथ्या आठवड्यात न घेता आज घ्यायचा असतो.

तीन आठवड्यांत ९० टक्के सेल-थ्रू झाला तर नवखे टाळ्या वाजवतात. अनुभवी बायर कपाळाला हात लावतो. कमी नग घेतले गेले, उरलेले आठवडे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं, आणि गेलेल्या विक्रीची नोंद कुठेच होत नाही.

ओपन-टू-बाय म्हणजे या महिन्यात अजून किती मालाची खरेदी करायला मोकळीक आहे. विक्रीच्या किंमतीत मांडलेलं उदाहरण: ठरवलेली विक्री ४,००,०००, अपेक्षित सूट ४०,०००, महिनाअखेर हवा असलेला साठा ९,००,०००. यांची बेरीज १३,४०,०००. महिन्याच्या सुरुवातीचा साठा ८,००,००० आणि आधीच दिलेल्या, या महिन्यात येणाऱ्या ऑर्डरी ३,५०,००० यातून वजा करा. उरले १,९०,०००. मार्जिन ६० टक्के असेल तर पुरवठादाराला मोजायची रक्कम ७६,०००. नवख्यांची नेहमीची चूक अशी की १,९०,००० हीच खरेदीची रक्कम समजून ऑर्डर दिली जाते आणि विभाग अडीच पट माल घेऊन बसतो.

जीएमआरओआय हे नाव अवघड, हिशेब सोपा: साठ्यात अडकवलेल्या पैशाने वर्षात किती ढोबळ नफा दिला. पहिली स्टाइल ४० ला घेतली, १०० ला विकली. वर्षात २०० नग गेले, सरासरी साठा १०० नगांचा. नफा १२,०००, अडकलेला पैसा ४,०००, उत्तर ३. दुसरी ५० ला घेतली, १०० लाच विकली. ४०० नग गेले, साठा सरासरी ८० नगांचा. नफा २०,०००, अडकलेला पैसा तेवढाच ४,०००, उत्तर ५. मार्जिन पहिलीचं जास्त, तरी कामाची दुसरी.

मापांचं प्रमाण हा वरवर किरकोळ वाटणारा भाग, पण सर्वाधिक माल इथेच फुकट जातो. समजा २०० नगांत एस ते डबल एक्सएलचं प्रमाण १५, ३०, ३०, १७ आणि ८ टक्के आहे. म्हणजे ३०, ६०, ६०, ३४ आणि १६ नग. हे टक्के मागच्या हंगामाच्या विक्रीवरून काढतात आणि सापळा तिथेच असतो. समजा मागच्या हंगामात एम मापाचे ६० नग होते, ते तिसऱ्या आठवड्यात संपले. एलचे ६४ नग आठ आठवडे पुरले. शीटवर एलची विक्री जास्त दिसते. आठवड्याचा वेग पाहिला तर एम २० आणि एल ८. एकूण विक्रीवरून प्रमाण काढलंत तर मागची चूक पुढच्या वर्षी जास्त नगांनी कराल. म्हणून माप उपलब्ध असलेल्या आठवड्यांतलाच वेग घ्यायचा.

एक्सेलमध्ये पिव्हट टेबल, सम-इफ्स आणि एक्स-लूकअप एवढं झोपेतही यावं. बाकी कंपनीची प्रणाली कंपनी शिकवते.

दुकानं फिरा, पण मोजत फिरा

एक विभाग निवडा, उदाहरणार्थ स्त्रियांचे शर्ट. भाव आणि गिऱ्हाईक साधारण सारखं असलेली तीन दुकानं किंवा साइट घ्या आणि आठ आठवडे, दर आठवड्याला त्याच वारी बघा. प्रत्येक ठिकाणी स्टाइल किती, प्रत्येक स्टाइलला रंग किती, सर्वांत खालचा, मधला आणि वरचा भाव काय, कोणत्या भावाला सर्वाधिक स्टाइल आहेत, किती माल पूर्ण भावात आणि किती सवलतीत, कोणती मापं संपली, हे टिपायचं. फोटो काढण्याआधी परवानगी विचारा. नाही म्हणाले तर बाहेर येऊन लिहा.

पहिल्या आठवड्यातच वहीत दहा स्टाइलवर पैज लावा: कोणत्या तीन पूर्ण भावात संपतील, कोणत्या तीन सवलतीत जातील, आणि का. ‘का’ची जागा रिकामी सोडायची नाही. ‘रंग छान आहे’ हे कारण चालणार नाही. ‘या भावाला लांब बाहीचा दुसरा सुती शर्ट तिन्ही ठिकाणी नाही’ हे चालेल. आठव्या आठवड्यात निकाल लिहा. निम्मे अंदाज चुकले तरी हरकत नाही. चुका एकाच दिशेने होत असतील तर मात्र नीट बघा: बहुतेकांना स्वतःच्या अंगाला, वयाला आणि खिशाला शोभणारा माल जास्त विकेल असं वाटतं. हा रोग या धंद्यात अनेक वर्षं मुरलेल्यांनाही असतो.

ऑनलाइन साइटवर ‘माप संपलं’ म्हणजे विकलं गेलं असं लगेच धरू नका. माल परत पाठवलेला, दुसरीकडे हलवलेला किंवा मुळातच दोन नग आलेले असू शकतात. तीच स्टाइल पुन्हा भरली गेली, तर मात्र ती चालली असं धरायला हरकत नाही.

एक नमुना रेंज तयार करा

प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा अर्जासोबत जोडलेला चार-पाच पानांचा रेंज प्लॅन जास्त बोलतो. मूड बोर्ड, म्हणजे रंग-रूपाची कल्पना देणारी चित्रं, एकाच पानाचा ठेवा. सुंदर चित्रांची पंधरा पानं पाहून खरेदी विभागातलं कोणी प्रभावित होत नाही.

असं मांडा: १२ दुकानं, एक हंगाम, २४ स्टाइल, सरासरी विक्री किंमत १००, बजेट विक्रीच्या किंमतीत २,४०,०००, म्हणजे २,४०० नग. प्रत्येक दुकानात एका स्टाइलची पाच मापं १-२-२-१-१ अशी लावायची तर सात नग लागतात. १२ दुकानांना ८४. २४ स्टाइलना २,०१६. उरले ३८४ नग, तेवढे गोदामात राखीव ठेवायचे आणि पहिल्या तीन आठवड्यांच्या विक्रीनुसार पाठवायचे.

आता प्रत्येक स्टाइलमध्ये दोन रंग घालून बघा. ४८ पर्याय गुणिले ८४, म्हणजे ४,०३२ नग. बजेट फुटलं. बजेटात राहायचं तर स्टाइल जवळजवळ निम्म्या कराव्या लागतील, किंवा काही रंग मोजक्याच दुकानांना द्यावे लागतील. रंग वाढले की प्रत्येकाची खोली, म्हणजे वाट्याला येणारे नग, घटते, आणि खोली घटली की तुटकी मापं उरतात. हे तुम्ही स्वतः मांडून दाखवलंत, तर समोरच्याला कळतं की या माणसाला धंदा समजतो.

२४ स्टाइलपैकी किती दरवर्षी चालणाऱ्या, किती हंगामी आणि किती धाडसाच्या, हेही लिहा. १२, ८ आणि ४ अशी विभागणी सुरुवातीला ठीक. धाडसाच्या चार स्टाइल निम्म्या दुकानांतच लावा. दोन स्टाइल एकमेकींचा खप खातील का तेही तपासा: सारखा गळा, सारखी उंची, भावात जेमतेम फरक असेल तर त्यातली एक काढून टाका. शेवटच्या पानावर काय चुकू शकतं आणि चुकलं तर कोणत्या आठवड्यात काय कराल, ते लिहा. हे पान बहुतेकांच्या प्रकल्पात नसतंच.

कॅलेंडर उलटं वाचायचं

स्त्रियांच्या डिझायनर कपड्यांचे वसंत-उन्हाळ्याचे शो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या क्रमाने होतात, शरद-हिवाळ्याचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. माल त्यानंतर काही महिन्यांनी दुकानात लागतो. मधल्या काळातली प्री-कलेक्शन्स बाहेर फारशी गाजत नाहीत, पण ती पूर्ण भावात जास्त आठवडे विकता येतात, म्हणून बायरच्या बजेटचा मोठा हिस्सा तिकडे जातो. पुरुषांच्या कपड्यांसाठी फ्लॉरेन्सचं पिट्टी उओमो जानेवारी आणि जूनमध्ये भरतं. कापडासाठी पॅरिसचं प्रीमियर व्हिजन वर्षातून दोनदा. प्रदर्शनाला गेलात तर आधी पूर्ण फेरी मारा आणि ऑर्डर दुसऱ्या दिवशी लिहा. पहिल्या तासाला डोळे दिपलेले असतात.

प्रायव्हेट लेबलचं कॅलेंडर दुकानात माल लागायच्या तारखेपासून मागे मोजतात. गोदामातून दुकानापर्यंत १ आठवडा, जहाज आणि कस्टम्स ५, शिवणकाम ४, कापड आणि बटण-चेनसारखं साहित्य ६, डिझाइन आणि सॅम्पलच्या मंजुऱ्या ४; एकूण २० आठवडे. हे साधं उदाहरण झालं, छापील किंवा भरतकामाच्या मालाला अजून लागतात. उशीर बहुतेक वेळा मंजुऱ्यांत होतो. लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठी रंगवलेला कापडाचा छोटा तुकडा, टेबलावर चार दिवस पडून राहिला की जहाज चुकतं, आणि मग तोच माल विमानाने आणायचा तर मार्जिन उडतं. कारखान्याच्या नावाने बोटं मोडण्याआधी आपल्या इनबॉक्समधल्या तारखा बघाव्यात.

 लॅब डिप खिडकीत धरून पाहू नका. लाइट बॉक्समध्ये दिवसाच्या प्रमाणित उजेडात आणि दुकानातल्या दिव्यांखाली, दोन्हीकडे बघा. दिवसा जुळणारे दोन रंग ट्यूबलाइटखाली वेगळे दिसतात आणि मग एकाच सेटचा जॅकेट-पँट वेगळ्या घरचा वाटतो.

अर्ज आणि मुलाखत

एका पानाचा सीव्ही पुरे. ‘उत्तम संवादकौशल्य’ काढून टाका. ‘कॉलेजच्या प्रदर्शनात १२० नग घेतले, १०२ पूर्ण भावात विकले, उरलेले सवलतीत, मोठी मापं कमी घेतली होती’ असं वाक्य छोट्या विक्रीचंही लिहिता येतं. चुकीचा उल्लेख घाबरून वगळू नका.

मुलाखतीच्या आधी त्या कंपनीच्या दोन शाखा आणि साइट बघा, तीन मुद्दे तयार ठेवा: काय बरोबर चाललंय, रेंजमध्ये कुठे भोक आहे, कोणती स्टाइल तुम्ही काढली असती. बऱ्याच ठिकाणी गणिताची चाचणी असते, आणि जोडीला दहा-बारा फोटो देऊन ‘यातल्या सहा निवडा आणि नग लिहा’ असा सराव. त्यात निवड कोणतीही चालते. तपासलं जातं ते हे, की नग वेगवेगळे लिहिलेत की सगळ्यांना १०० दिलेत, आणि सहाच्या सहा शर्ट-टॉपच घेतलेत की पँट-स्कर्टलाही जागा दिलीत. ‘चालला नाही असा माल सांगा’ या प्रश्नाला वहीतलं पान काढून उत्तर द्या.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षात तुम्ही जवळपास काहीच ‘निवडणार’ नाही. सॅम्पलना टॅग लावणं, पाठवणं, परत मागवणं, ऑर्डर प्रणालीत भरणं, सोमवारी सकाळी विक्रीचा अहवाल काढणं, हेच काम. कंटाळवाणं आहे खरं, पण विभागाची सगळी स्मृती याच कामातून हाताखालून जाते.

पर्चेस ऑर्डर पाठवण्याआधी दरवेळी याच क्रमाने वाचा: स्टाइल नंबर, रंगाचा कोड, मापांचं प्रमाण, पॅकमधले नग, दर आणि चलन, डिलिव्हरीची अट, तारीख. पॅकची चूक सर्वांत घातक. सात नगांचे १२ पॅक लिहायचे तिथे ८४ पॅक लिहिले की ८४ ऐवजी ५८८ नग येतात, आणि कारखाना विचारत नाही. तारखेत ‘कारखान्यातून निघायची’ की ‘गोदामात पोचायची’ हे स्पष्ट नसेल तर पाच आठवड्यांचा फरक पडतो. दर एफओबी (माल जहाजावर चढवून देईपर्यंतचा) असेल तर जहाज, विमा, जकात तुमच्या खात्यात. १०० चा एफओबी, ९ भाडं आणि विमा, १०९ वर १२ टक्के जकात म्हणजे १३.०८, बंदरापासून गोदामापर्यंत ४. माल पडला १२६.०८ ला. मार्जिन १०० वर काढणाऱ्याचा हंगामअखेरीस चेहरा उतरतो. जकात कोणत्या रकमेवर लागते आणि किती, हे देशागणिक आणि कापडागणिक बदलतं, तेव्हा ते कस्टम्सचं काम करणाऱ्याकडून लेखी घ्या.

सॅम्पलचे टप्पे: प्रोटो (पहिला नमुना), फिट (अंगावर बसतो का ते बघायला), साइज सेट (सगळ्या मापांत), प्री-प्रॉडक्शन आणि शेवटी शिपमेंट सॅम्पल. प्री-प्रॉडक्शन सॅम्पल खऱ्या कापडात, खऱ्या बटणांसह, खऱ्या लेबलसह असतं. ते मंजूर झालं की कापड बेतायला घेतात, म्हणून त्यानंतर गळा अर्धा सेंटीमीटर कमी करा म्हणणं म्हणजे नवा खर्च. फिट बघताना कपडा टेबलावर मोजून भागत नाही. मॉडेलला बसायला, हात वर करायला, वाकायला सांगा. बाही वर खेचली जात असेल तर लांबी वाढवून उपयोग नाही. बहुतेक वेळा मुंढा खोल झालेला असतो.

माल तयार झाल्यावर तपासणी एक्यूएल (किती सदोष नग चालतील याची मर्यादा) पद्धतीने होते, आयएसओ २८५९-१ च्या तक्त्यानुसार. नेहमीच्या पातळी २ ला १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटमधून १२५ नग काढतात. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल २.५ असेल तर ७ सदोष नगांपर्यंत लॉट पास, ८ झाले की नापास. पास झालेल्या लॉटमध्ये एकही खराब नग नसेल असा याचा अर्थ नाही. सुई राहणं, लहान मुलांच्या कपड्याचं बटण सैल असणं अशा धोकादायक दोषांना मात्र शून्य सहनशीलता असते.

वाटाघाटींना तुम्हाला सुरुवातीला फक्त बसवतील. तेव्हा ऐका की भाव सोडून आणखी काय काय मागितलं जातं: पैसे द्यायची मुदत, न खपलेल्या मालावर सूट वाटून घेणं, दोन हप्त्यांत डिलिव्हरी, कमी खपणाऱ्या रंगाच्या बदल्यात खपणारा रंग. कारखाना रंगामागे किमान नगांचा आग्रह धरतो तो बऱ्याचदा हट्टापायी नसतो. रंगाईच्या यंत्रात ठराविक किलो कापड घातल्याशिवाय घाणा परवडत नाही. म्हणून तेच कापड, तोच रंग दोन स्टाइलमध्ये वापरता येईल का, असं विचारलंत तर भाव न पाडताही अडचण सुटते.

भाव पाडण्याला आणि शेवटच्या क्षणी बदल करण्याला एक तळ असतो. तारीख न बदलता ऑर्डर वाढवली की काम रात्रपाळीत किंवा न कळवता दुसऱ्या कारखान्यात जातं. बांगलादेशातली राणा प्लाझा इमारत २४ एप्रिल २०१३ ला कोसळून १,१०० हून अधिक माणसं दगावली, आणि काही कंपन्यांना आपलं लेबल तिथे शिवलं जात होतं हे ढिगाऱ्यातून कळलं. माल नेमका कोणत्या पत्त्यावर शिवला जाणार आहे, हे ऑर्डरवर लिहून घ्या. पुरवठादाराच्या भेटवस्तूंबाबत कंपनीचा नियम पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

पुढच्या पायरीसाठी वर्षअखेरीच्या मूल्यमापनाला जाताना वही सोबत न्या. बायरने निवडलेल्या प्रत्येक स्टाइलला ऑर्डर जाण्याआधी तुम्ही स्वतःचा नगांचा आकडा लिहिला असेल, तर वर्षभरात पन्नास-साठ नोंदी जमतात: बायरचा आकडा, तुमचा आकडा, आठ आठवड्यांनंतरची विक्री. त्या तीन रकाने करून दाखवा आणि एक छोटा उपविभाग, मोजे किंवा स्कार्फ, स्वतःच्या बजेटसह मागा.